भिंतीवर टांगलेले वडील

मुंबईच्या कलाशाळेची पदविका घेऊन मी रत्नागिरीला परतलो, तेव्हा प्राचार्यांचं निरोपाचं भाषण कानात ताजं होतं. नव्या देशाचं रूप म्हणे आमच्या कुंचल्यातून उमटणार होतं. कुठल्या गावात आणि कोणाच्या पदरी, हे सांगायचं बहुधा त्यांच्याकडून राहून गेलं.

रत्नागिरीत रंगाचं काम म्हणजे होड्या आणि दुकानांच्या पाट्या. दोन्हीकडे जुने हात होते. वर्षभर मी घरी बसून खाल्लं. "गिऱ्हाइकाला तुझं काम दिसायला नको?" असं म्हणत कचेरीत कारकून असलेले माझे वडील एका रविवारी कोट-टोपी चढवून माझ्यासमोर बसले. मला पोटासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. चित्र खरोखर चांगलं उतरलं. त्यांनी स्वतः खिळा ठोकून ते ओटीवर टांगलं, रस्त्यावरून दिसेल असं.

आमच्याकडे माणूस भिंतीवर चढतो तो गेल्यावरच, हे उत्साहाच्या भरात दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकी डोळ्यांना पदर लावून आत आल्या. "अगो बाय, परवा तर धक्क्यावर दिसले हो!" वडील माजघरात जेवत होते. त्यांनी आमटीचा भुरका मारला तशा काकी किंचाळल्याच.

चित्र उतरवा म्हणून आई हटून बसली. वडील ऐकेनात. उलट रोज संध्याकाळी चित्राखाली खुर्ची टाकून बसू लागले, म्हणजे लोकांना ताडून बघता यावं. लोकांनी बघितलं. हुबेहूब आहे म्हणाले आणि जाताना मला धीर देऊन गेले, "आमचे म्हातारे गेले की तुलाच बोलावतो हो." गावभर कामं ठरली होती, फक्त म्हातारे सगळे ठणठणीत होते. मला हसू यायचं, आणि खुर्चीतल्या वडिलांकडे पाहिलं की भरून यायचं.

शेवटी दापोलीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा मिळाली. फळ्यावर घडा आणि केळी काढून दाखवायची. देशाचं रूप तेवढ्यावरच भागलं. त्याच संध्याकाळी वडिलांनी खुर्चीवर चढून चित्र उतरवलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आईच्या हाती दिलं.

"आता मी जिवंत असायला हरकत नाही," ते म्हणाले.

आई हसली नाही. तिने ते जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या पार तळाशी ठेवलं, सहज हाताला लागू नये असं.