हवा चांगली हाय

रसूलला पालिकेत येडा म्हणत्यात. म्हणू द्यात. ज्यानं त्या विहिरीत वाकून बघितलं न्हाई, त्यानं बोलायचं काम न्हाई.

गावाचं सगळं मैलापाणी नदीकडच्या पंपघराच्या विहिरीत येतंय. पंप ते उचलून वरच्या तळ्यात टाकतोय, गाळ खाली बसतोय आन निवळलेलं पाणी मग कृष्णेत जातंय. पंप बंद पडला तर घाण सरळ नदीत. म्हणून पंपवाला रसूल ईदलाबी सुट्टी घ्यायचा न्हाई. खालच्या घाटावर बायका घागरी भरायच्या, त्या आपल्याच जिवावर भरत्यात असं त्याला वाटायचं.

त्याचा जोडीदार जोतीराम, आटपाडीकडचा, विहिरी खणणाऱ्या घरातला. पाइपाच्या बुडाला जो व्हॉल्व असतोय त्याला सगळी फुटबॉल म्हणत्यात. त्यात चिंध्या अडकल्या की खाली उतरून काढायला लागायच्या. उतरायच्या आधी जोतीराम दोरीनं कंदील सोडायचा. त्यांच्याकडची रीतच ती. कंदील विझला तर हवा वाईट, जळत ऱ्हायला तर बिनघोर उतरायचं.

त्या दिवशी वात जरा म्हणून हलली न्हाई. "हवा चांगली हाय," म्हणाला आन उतरला. अर्ध्या शिडीवर त्याचा हात सुटला, खाली पडला तो मेलाच. कंदील शेजारी तसाच जळत हुता.

कोरड्या विहिरीतली हवा येगळी, मैल्यातली येगळी. मैल्यातली दिव्याला काय करत न्हाई, माणसाला खाती. पर जोतीरामच्या घरच्यांनी पाय घसरला असंच धरलं. कंदील जळतोय म्हंजे हवेचा दोष कसा असंल?

तवापास्नं रसूलला पेटती चिमणी बघवत न्हाई. लाईट गेली तर त्याची बायको जैनब अंधारातच भाकरी थापायची. आन पंप थांबला की विहिरीतनं जोतीराम बोलायचा. रागानं न्हाई, मायेनं. ये की रं गड्या, म्हणायचा, लय चांगली हवा हाय.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात फुटबॉल पुन्हा तुंबला. जोतीरामच्या जागी आता त्याचा धाकटा भाऊ कृष्णात लागला हुता. येणारं पाणी चाक फिरवून लोखंडी दार टाकून अडवलं, दुसऱ्या पंपानं विहीर उपसली. कृष्णातनं कंदील पेटवला.

रसूल म्हणाला, साताऱ्यास्नं हवा मारायचा पंखा आणू, मग उतर. मुकादम हसला. पंखा येस्तोवर गावानं परसाकडं जायचंच न्हाई का, म्हणाला, आन ह्या रसूलमामूला भुतं दिसत्यात, त्याचं काय मनावर घेऊ नगंस. रसूल कृष्णातच्या हातापाया पडला. तुझा दादा घसरला न्हाई, ह्या हवेनं गेला, म्हणून सांगितलं. कृष्णात चिडला.

"आमच्या आज्यापास्नं कंदिलानं बघत्यात. तुला जास्त कळतंय व्हय?"

कंदील खाली गेला. वात सरळ उभी.

"बग रसूलभाई. हवा चांगली हाय."

आवाज डिट्टो जोतीरामचा. वरनं आला का खालनं, रसूलला कळंना. कृष्णातनं शिडीवर पाय टाकला तसा रसूल पळत सुटला आन दाराचं चाक उलटं फिरवलं. तटलेली सगळी घाण धाडकन विहिरीत पडली. कृष्णात शिव्या देत वर आला. मोटरी बुडाल्या, विहीर उतू गेली आन गावाचा सगळा मैला नदीत.

मासं पोट वर करून काठाला लागलं. घाटावरची बनाबाई रिकामी घागर घेऊन पंपघरावर आली.

"आवं रसूलभाई, नदी तुमच्या हवाली केली हुती की."



पालिकेनं रसूलला काढला. मोटरीच बुडाल्यावर कृष्णातलाबी थारा ऱ्हायला न्हाई. माझ्या दादाची जागा घालवलीस, येवढंच तो बोलला.

तो आटपाडीला निघाला तवा रसूल यष्टीपास्नं जरा लांब उभा हुता. कृष्णातनं खिडकीतनं बघितलं आन तोंड फिरवलं. गाडीची धूळ नाकात गेली आन कृष्णात असा दणकून शिंकला, की पुढच्या बाकावरची म्हातारी वैतागून वळली. जित्या कृष्णातला घेऊन गाडी गेली. रसूल घराकडं चालाय लागला.