पुढची सीट

मोटार चालवणाऱ्याकडे किस्से फार साचतात. डोळे रस्त्यावर असले तरी कान मागेच असतात ना! मी मेहकर ते मलकापूर स्टेशन अशी उतारूंची सर्व्हिस मोटार चालवली, तरुणपणापासून पार केस पिकेपर्यंत. पुढे चष्म्याचा नंबर वाढला आणि स्टिअरिंगच सुटलं. सोबती पांगले. सरू, म्हणजे माझी बायको, तीही गेली. किस्से तेवढे उरलेत. ते तुमच्या हवाली करतो, म्हणजे मी निघायला मोकळा.

आमच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारची सीट म्हणजे सिंहासन! ती साहेब लोकांसाठी, असा मालकाचा नियम. मलकापूरहून परत येताना बुलढाण्याच्या अलीकडे राजूरचा घाट लागतो. तिथे मोटारीला हमखास धाप लागायची. मग मागचे सगळे उतरून गाडी लोटायचे. पुढच्या सीटवाल्याने मात्र उतरायचं नाही.

लग्न झालं त्या वर्षी सरू पहिल्यांदा मोटारीत बसली, मागच्या बाकावर. घाटात उतरली, पदर खोचला आणि लोकांबरोबर लोटायला लागली. घरी आल्यावर म्हणाली, "मागून नुसता फुफाटा दिसते. एकडाव पुढं बसून रस्ता पाह्याचा हाय मले."

"त्यात काय! पुढच्या खेपीले बसवतो तुले."

त्या पुढच्या खेपेचं काय झालं, तेच सांगतो.

*

पुढच्या खेपेला फौजदारसाहेब आले. एकटे असते तर दाटीवाटीने जमलं असतं, पण सोबत शिकारी कुत्रा! साहेब खिडकीकडे आणि कुत्रा मधे, गिअरच्या दांड्यावर हनुवटी टेकून. गिअर बदलायला हात नेला की गुरगुरायचा. चिखलीपासून मलकापूरपर्यंत मी गाडी एकाच गिअरात नेली!

मागून सरूचा आवाज आला, "कुत्र्यानं तिकीट काढलं का हो?"

सगळी मोटार हसली. साहेबही हसले. कुत्रा काही हलला नाही.

*

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली. तिच्या गॅसवर इंजिन चालायचं, म्हणजे चाललं तर! भट्टी सांभाळायचे आमचे क्लीनर गफूरभाई, माझ्यापेक्षा वयाने मोठे. एकदा घाटाखाली गाडी थांबली. पुढच्या सीटवर वकीलसाहेब, त्यांना बुलढाण्याच्या कोर्टाची घाई.

"गाडी काऊन थांबली बे?" वकील ओरडले.

"भट्टी गरम होऊन राह्यली, साहेब!" मागून गफूरभाई.

थोड्या वेळाने खमंग वास सुटला. जाऊन बघतो तर गफूरभाई निखाऱ्यावर भरताची वांगी भाजतायत! मागे बसलेल्या सरूने फडक्यातून भाकरी, कांदा, मिरच्या काढल्या. वकीलसाहेब तावातावाने उतरून आले, वास घेतला आणि भाकरी हातावर घेऊन धोंड्यावर बसले. बोटं चाटत म्हणाले, "कोर्टाले सांगतो, घाटात दरड पडली!"

सरू सगळ्यांना वाढत राहिली. पुढच्या सीटचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

*

डोणगावचे दोन जिवलग म्हातारे आमच्या मोटारीने जायचे, एक पाटील आणि एक काझीसाहेब. एकदा दोघे एकाच वेळी पुढच्या दाराशी आले.

"काझीसाहेब, पयले तुमी."

"नाही पाटील, पहले आप."

"तुमी वडील माणूस."

"अन् तुमी गावाचे पाटील!"

मी भोंगा वाजवला. गफूरभाईंनी हँडल मारलं. मागचे लोक बोंबलायला लागले. शेवटी एकमेकांचा मान राखून दोघेही मागे जाऊन बसले. पुढची सीट मलकापूरपर्यंत रिकामी!

आणि सरू नेमकी साखरखेर्ड्याला, माहेरी. ती रिकामी सीट अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

*

एकदा मात्र ती खरंच बसली. मालक परगावी, साहेब कोणी नाही. सरू पदर सावरून ताठ बसली होती. मी उगाचच दोनदा भोंगा वाजवला. पण चिखलीला एक नवरी चढली, पाठराखणीच्या आजीला घेऊन सासरी निघालेली. रडून बेजार. मागे वऱ्हाडाची कोंबाकोंबी आणि भट्टीचा धूर.

सरू आपणहून उतरली. "बसू द्या तिले. पोरगी घर सोडून चालली."

"अवं, पण तू..."

"माहं काय, मी तं रोजचीच."

घाट उतरताना खालचं रान दिसलं, तशी नवरी रडं विसरून टाळ्या पिटायला लागली. मी मागे वळून बघितलं. सरू दोन बायांच्या मधे चेपून बसली होती आणि नवरीच्या टाळ्या ऐकून हसत होती. मला काही हसू आलं नाही. ते 'रोजचीच' मला आजही सलतं.

*

मग सरकारी मोटारी आल्या. मालकाने आमची गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. शेवटच्या खेपेला गफूरभाईंनी घरची सतरंजी आणून पुढच्या सीटवर अंथरली.

"वयनी, बसा! आज कलेक्टर आला तं त्याले टपावर बसवतो!"

सरूने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिचेही केस पांढरे झाले होते. जाताना ती नुसती समोर बघत होती. परतताना मोताळ्याजवळ हळूच म्हणाली, "एवढा मोठा रस्ता, अन् तुमी एकट्यानंच पाह्यला?"

मी गाडी जरा हळू केली.

राजूरच्या घाटात, नेहमीच्या वळणावर, मोटारीने मान टाकली. मागचे उतरले. मी गिअरशी झटत होतो. शेजारी बघतो तर सीट रिकामी, नुसती सतरंजी! खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं. सरू गफूरभाईंच्या बाजूला, पदर खोचून, दोन्ही हात मोटारीला लावून उभी.

मी ओरडलो, "अवं, तू काऊन उतरली? पुढच्या सीटवाल्यानं उतराचं नसते!"

तीही तिथूनच ओरडली, "मी लोटल्याबिगर तुमची मोटार कधी घाट चढली का? तुमी समोर पाहा!"