पुठ्ठ्याच्या घड्याळातले साडेदहा

जळगावच्या आमच्या शाळेत मी तिसरीची तोंडी परीक्षा घेत होते. समोरची मुलगी सातचा पाढा म्हणता म्हणता सात सक बेचाळीसपाशी अडकली होती. तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. "धुळ्याहून फोन होता. तुमच्या विमलबाई गेल्या." मी मान हलवली आणि पोरीला म्हटलं, "हं, पुढे." ती पुढे काय म्हणाली ते आठवत नाही, मार्क मात्र मी पूर्ण दिले. लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. ती गोष्ट माहीत असलेली आता मी एकटीच उरले, असं मनात आलं… आणि मी घाबरले.

विमलबाई शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात शिकवायच्या. एका खोलीत चार इयत्ता, चार भिंतींकडे तोंड करून बसलेल्या. बाराखडी, पाढे, जिल्ह्याचा नकाशा आणि चौथीची कविता एकाच वेळी कानावर पडायची, त्यामुळे पहिलीतल्या शेंबड्या पोरांनाही तापीच्या उपनद्या पाठ. कार्यानुभवाला आम्ही मातीची केळी करायचो. एकदा वाळत घातलेल्या केळ्यांवर पाऊस पडला आणि त्यांचा चिखल झाला, तरी बाईंनी कुणाचे मार्क कापले नाहीत. म्हणाल्या, "होती तेव्हा मी पाहिली होती ना." पण बाई तशा भित्र्या. नवरा गेल्यावर लहान मुलाला घेऊन धुळ्याहून या आडगावात आलेल्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांची फटफटी ओढ्यापलीकडे वाजली की त्यांच्या हातातला खडू मोडायचा. तो मोडला की आम्ही पाट्या छातीशी धरून ताठ बसायचो.

शाळेतलं घड्याळ बाईंनी स्वतः केलेलं होतं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर ताटली ठेवून काढलेलं वर्तुळ आणि मधोमध टिचबटणाने बसवलेले दोन काटे. मला ते काही केल्या यायचं नाही. लहान काटा दहाच्या पुढे आणि अकराच्या अलीकडे, मग वाजले किती, दहा की अकरा? विचारायची छाती नव्हती. शेजारी बसणाऱ्या जमनीला मात्र ते दोन दिवसांत आलं. जमनी वरच्या पाड्यावरची. पाड्यावर कुणाकडे घड्याळ नव्हतं, खालून जाणाऱ्या शिरपूरच्या एसटीवर तिथला दिवस चालायचा. ती गाडी जाते तेव्हा तुमच्या घड्याळात काय असतं, असं जमनीने बाईंना विचारलं. बाईंनी काटे साडेदहावर लावून दाखवले. तेवढं एक धरून तिने बाकीचं घड्याळ स्वतःच जुळवलं. मलाही शिकवायला बघायची. "आते देख, धाकला काटा दहानं पुढे शे, म्हनजे दहा वाजी गयात." मी ऐकून घ्यायचे नाही. पाड्यावरच्या पोरीकडून काय शिकायचं, असा माझा तोरा होता.

चौथीची वार्षिक परीक्षा जवळ आली तसं घरात तेच बोलणं सुरू झालं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे. त्यांनी एकदाच सांगितलं, "पास व्हयनी ते शिरपूरले धाडसू. नई ते वावरमा चाल." जमनीच्या घरीही तसंच ठरलं होतं. पास झाली तर आश्रमशाळा, नाही तर आईबरोबर यावलकडे केळीच्या बागांत मजुरीला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी जेवायचीच बंद झाले. भाषेची भीती नव्हती, परिसर अभ्यासाची नव्हती. भीती फक्त त्या दोन काट्यांची होती.

तोंडी घ्यायला बाहेरचे साहेब आले. आम्ही व्हरांड्यात रांगेने उभ्या, जमनीच्या मागे मी. आतलं सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं. साहेबांनी पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे लावले आणि विचारलं, "किती वाजले?" जमनीने घड्याळाकडे बघितलं, लगेच तिचा चेहरा खुलला आणि ती मोठ्याने म्हणाली, "शिरपूरनी गाडी गई!"

साहेब खो खो हसले. पाठोपाठ व्हरांडा हसला, मीही हसले. "अगं, साडेदहा म्हण, साडेदहा!" असं म्हणत त्यांनी कागदावर फुली मारली. त्यानंतर जमनीने तोंड उघडलं नाही. पाढा विचारला, गप्प. कविता विचारली, गप्प. मग साहेबांनी मला बोलावलं. घड्याळ तसंच माझ्यापुढे धरलं. काटे हलवायचं ते विसरले होते.

"किती वाजले?"

"साडेदहा."

"शाब्बास."

बाई टेबलामागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं, यांना कळलंय. त्यांचे ओठ हलले. आता बोलतील, काटे फिरवून पुन्हा विचारा म्हणतील, असं वाटलं. बाई बोलल्या नाहीत. जमनी गणितात नापास झाली आणि त्या उन्हाळ्यात यावलकडे गेली. पुन्हा ती शाळेत आली नाही.

मी शिरपूरला गेले, शिकले, मास्तरीण झाले. पण कुणी वेळ विचारली की अजून मनगटाकडे दोनदा बघते. बाई निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा दर दिवाळीला मी त्यांना भेटायला जायचे. बोलणं साड्यांवर, सांधेदुखीवर. गेल्या दिवाळीत मी निघताना त्यांनी हात धरला.

"तुला तेव्हा घड्याळ येत नव्हतं."

मी खाली बघितलं. "नाही, बाई."

"तुला वाचवायला गप्प बसले, असं समजू नकोस गं. मी साहेबांना भ्याले… तिचं उत्तर बरोबर होतं. मीच शिकवलं होतं तिला तसं."

गाडी चुकेल म्हणाले आणि निघाले. तीच शेवटची भेट.

दहाव्याला गेले तेव्हा बाईंच्या मुलाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. "आईने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं." उघडायच्या आधीच ओळखलं. पुठ्ठा पिवळा पडलाय, टिचबटण गंजलंय, काटे साडेदहावर आहेत. ते तेव्हापासून कुणी हलवलेच नव्हते की मला देण्यासाठी बाईंनी पुन्हा तिथे नेऊन ठेवले होते, हे विचारायला आता कुणी नाही.

तोंडी परीक्षा मी अजूनही घेते. प्रत्येक पोरानंतर शाळेच्या घड्याळाचे काटे न चुकता फिरवते, आणि कुणी भलतंच उत्तर दिलं की फुली मारायच्या आधी "का गं?" म्हणून विचारते. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकातले घड्याळाचे मार्क जमनीचे आहेत, हे आज पहिल्यांदा कुठे तरी लिहिते आहे. बाईंचं घड्याळ माझ्या कपाटात आहे. त्याचे काटे अजून हलतात की नाही, ते मी बघितलेलं नाही. बोट जवळ नेलं की ओढ्यापलीकडे फटफटी वाजते, आणि मी कपाट लावून घेते.