शेजारच्या दारातला ड्रम

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने आपणहून चार मिरच्या जास्त घातल्या, तरी मी आधी भाजी उलटीपालटी करून बघते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत शहापूरकडचं आमचं अख्खं गावच माझ्यासारखं झालं. कोण कुठून आला, कोण शिंकला, कुणाच्या घरात काढ्याचा वास येतो, यावर सगळ्यांचं बारीक लक्ष.

आमच्या घरावर जरा जास्तच. आमचे हे कल्याणकडे सांडपाण्याच्या पंपावर कामाला. ते काम बंद ठेवता येत नाही, म्हणून सात दिवस पंपावरच राहायचं आणि सात दिवस घरी, अशा पाळ्या लावल्या होत्या. पहिल्या लाटेत गावाने वेशीवर बांबू आडवे बांधले आणि यांना तोंडावर सांगितलं, "गटारात काम करतोस ना, मंग तिथंच रा." दोन महिने यांना आत घेतलं नाही. पंपामागच्या खोलीत, मोटारीच्या आवाजात हे झोपले. गावातल्या ज्या तोंडांनी ते सांगितलं, ती मी अजून ओळखून आहे.

दुसऱ्या वेळी पंचायतीला बरीच अक्कल आली होती. नळकोंडाळ्यापाशी चुन्याची वर्तुळं आखली, आळीवार वेळा ठरवल्या. पाणी सोडणारा टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त टाकू लागला. चहालासुद्धा तिचा वास यायचा. ज्या घरात ताप-खोकला, त्या घराने नळावर यायचं नाही. त्यांच्या दारात निळा ड्रम ठेवायचा आणि पाणी सोडणाऱ्याने तो लांबून पाइपाने भरून द्यायचा. सोय चांगलीच होती. पण ड्रम आला की गावाला कळलं.

आणि हे घरी आले ते खोकतच.

मी कुणाला सांगितलं नाही. पुन्हा यांना वेशीबाहेर काढतील, एवढंच डोक्यात होतं. यांना आतल्या खोलीत ठेवलं. खोकल्याची उबळ आली की मी रिकामा मिक्सर लावायचे. आणि तोंडाला पदर घट्ट बांधून रोज नळावर जायचे. चूक करतेय हे कळत होतं, तरी जायचे.

माझा सगळा संशय होता शेजारच्या काकीवर. एकटी विधवा बाई, आमची-तिची भिंत एक. नळावर ती नेमकी माझ्या मागच्या वर्तुळात उभी राहायची आणि एकटक बघायची. एकदा म्हणाली, "काय गो, रोज वाटण? पाव्हणे हायत का?" मी हसून वेळ मारून नेली. पण ही आता सांगणार, याची खात्रीच पटली.

आमच्याकडे हंडा बाई स्वतः डोक्यावर घेते, त्यावरची कळशी मात्र दुसरीने चढवायची. "हात लाव गो," म्हटलं की अबोला धरलेली बाईसुद्धा येते. त्या दिवसांत कुणी कुणाच्या भांड्याला शिवत नव्हतं. कळशी कमरेवर घेऊन मी वाकडीतिकडी चालत होते. पाचव्या दिवशी पायच लटपटले. काकी वर्तुळ सोडून सरळ माझ्याकडे आली, कळशी वर चढवली आणि माझं मनगट क्षणभर धरून ठेवलं.  घरी येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम दिसला. तो काकीच्या दारात.

म्हणजे आजार हिलाच, आणि हिने माझ्या कळशीला हात लावला! मी रागाने कळशी राखेने घासत बसले. तेवढ्यात मागच्या दारातून तिची हाक आली.

"पाणी हितून, मागच्या दारानं ने. नळावर जाऊ नको, पोरंबाळं असतात तिथं. तुझा पण हात तापलाय."

"काकी, ड्रम..."

"मीच सांगितलं, मला खोकला हाय म्हणून. मला म्हातारीला कोण काय करतंय? तुझ्या नवऱ्याला नाय ऱ्हाऊ देणार."

मी नळावर जायची थांबले, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. ड्रमाशेजारचं घर म्हणून बायकांना मी नकोच होते. पंधरा दिवस आम्ही दोघं तिच्या ड्रममधलं पाणी प्यालो. हे पाळी बुडवून राहिले आणि बरे होऊन पंपावर गेले. ड्रमही गेला.

काकी एका म्हशीवर जगायची. आळीतली सगळी घरं तिचं दूध घ्यायची, आम्हीही. ड्रम लागल्यापासून कुणी तांब्या घेऊन तिच्या दारात गेलं नाही, आणि गौरी-गणपती येऊन गेले तरी गेलं नाही. ती दूध विरजायची, ताक करायची आणि ते म्हशीच्याच आंबोणात ओतायची. मागच्या दारातून मला दिसायचं. मी एका शब्दाने खरं सांगितलं असतं, तर संपलं असतं.

एकदा तिने विचारलं, "तुला तांब्याभर दूध धाडू?"

"इतक्यात नको, काकी," मी म्हटलं. मीच तेवढी घ्यायला लागले असते, तर लोकांनी विचारलं असतं, हिला कशी भीती वाटत नाही?

तिने मान हलवली. तिला कळलं होतं. ते सगळे महिने मी पिशवीचं दूध आणलं, आणि ते तिच्या दारावरूनच आणावं लागायचं.