लाईट गेल्यावरचं गाणं

आप्पांचा फोन आला की तो कानापासून वीतभर लांब धरायचा, ही आम्हा मित्रांची जुनी सवय. जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना ऐकू फार कमी येतं आणि बोलणं सगळं ओरडूनच. त्या सकाळी मात्र ते इतकं हळू बोलले, की मला पुन्हा विचारावं लागलं... त्यांचा मुलगा, माझा मित्र रणजित, झोपेतच गेला होता.

आमच्या 'ठसका' बँडचा तो गायक, मी ड्रमर. पंक रॉक म्हणजे काय, असं कुणी विचारलं की रण्या सांगायचा, "भांडाण. पण तालात." आमचा लाइव्ह अल्बम आमच्या गावी, कबनूरला, आप्पांच्याच यंत्रमागाच्या शेडमध्ये, माग बंद असताना रेकॉर्ड झाला. समोर सगळे मागावरचे कामगार. तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. माईक मेला, गिटार मुकी झाली. मी ड्रम थांबवले नाहीत आणि रण्यानं गर्दीत उडी मारून नुसत्या नरड्याच्या जोरावर गाणं पुढं ओढलं. मागांच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारी ती माणसं. त्यांनी 'न्हाय म्हंजे न्हाय' हे पालुपद असं उचललं, की वरचे पत्रे थरथरले. रेकॉर्डर बॅटरीवर होता म्हणून सगळं टिपलं गेलं. पुण्याचा साउंडवाला हा तुकडा कापू म्हणाला, तेव्हा रण्यानं एवढंच सांगितलं, "लाईट गेली ती बी आपल्याच गावची हाय की. ऱ्हाऊ दे." तो खरखरीत, बेसूर, जिवंत तुकडा अल्बममध्ये राहिला, आणि आयुष्यात मला दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नाही.

गेल्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस अल्बम नव्यानं काढायचा म्हणून आला. खरखर पुसून, आरडाओरडा खाली आणून त्यानं सगळं मऊसूत केलं होतं. परवानगी आप्पांची हवी होती. मला धास्ती वाटत होती, कारण रण्याच्या गाण्याला ते कायम 'बोंबलणं' म्हणत आले. ही साफसफाई त्यांना आवडणारच, असं मी धरून चाललो होतो. रण्याच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर बसून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग जुनं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं, आवाज पूर्ण मोठा करून. लाईट गेली ती जागा आली, तसा त्यांनी स्पीकरवर हात ठेवला आणि डोळे मिटले...

"ह्येच ठेवा," आप्पा म्हणाले. "त्या दुसऱ्यात माझं पोरगं मला ऐकूच ईना."