दिलं की सांगायचं

प्रभा कुरणे मूळच्या मिरजेच्या, कुवेतच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर आणि माझ्या मते त्या इमारतीतल्या सगळ्यात कजाग बाई. मी खाली एक्स-रेला होतो. पेशंटच्या कागदावर एखादी खूण राहिली तर त्या स्वतः जिना उतरून यायच्या आणि चारचौघांत माझी बिनपाण्याने करायच्या. त्यांच्या वॉर्डाचा एक कायदा होता: दिलं की सांगायचं. औषध दिलं की शेजारच्या सिस्टरला मोठ्याने सांगायचं, कागदावर लिहिलं असलं तरी. नव्या मुली त्यांची नक्कल करायच्या. मीही करायचो, आणि चांगली जमायची.

हॉस्पिटलातले आम्ही सगळे बनेद अल-गार भागात एकाच इमारतीत राहायचो. तळमजल्यावर मुस्तफाभाई आणि रबिया, रत्नागिरीकडचे. मुस्तफाभाईंचं राई नावाच्या गॅरेजांच्या भागात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांना उशिरा झालेली फिजा दोन वर्षांची होती आणि ती एकट्या रबियाची कधीच नव्हती. सकाळी एकीच्या घरी जेवायची, दुपारी दुसरीच्या मांडीवर लोळायची. जिच्या हाती पोर, तिने तिचं सगळं करायचं. त्यात विचारायचं काय आणि सांगायचं काय!

नव्वदच्या ऑगस्टात इराकी रणगाडे शहरात शिरले आणि काही आठवड्यांनी आमचं निघायचं ठरलं. बसने बसरा, बगदाद, तिथून अम्मान आणि अम्मानहून विमानाने मुंबई. मुस्तफाभाईंचा पाय काही निघेना. "आयुष्याची कमाई त्या दुकानात आहे, कुलूप लावून कसा येऊ?" असं म्हणत ते मागे राहिले. बसपाशी त्यांनी फिजाला रबियाकडे न देता प्रभा सिस्टरांच्या हातात दिलं.

"ताई, हिला रडू देऊ नका. नाक्यावर पोर रडली की शिपाई आत डोकावतात. आणि ती रडत गेली तर मला इथे चैन पडणार नाही."

"झोपवत नेते. शब्द दिला," सिस्टर म्हणाल्या.

तयारी त्यांनी आधीच केली होती. सर्दीचं एक सिरप असतं, त्याने मूल पेंगतं. त्याच्या तीन बाटल्या त्यांनी घेतल्या होत्या. वाटेत सामान लुटतात असं ऐकलेलं, म्हणून एक स्वतःच्या पिशवीत, एक त्यांच्याच वॉर्डातल्या धाकट्या स्वप्ना सिस्टरच्या आणि एक रबियाच्या. "अगदीच अंगावर आलं तर एक चमचा. जास्त नाही," असं दोघींना बजावलं. ही सावधगिरीच पुढे अंगाशी येणार होती.

नाक्यांवर फिजा शहाण्यासारखी वागली. बिघडलं ते अम्मानच्या अलीकडे, वाळवंटातल्या तंबूंत. धूळ, वारा, हजारो माणसांचा कालवा. पोरीची झोपच उडाली. डोळे लाल, घसा बसलेला, तरी रडणं चालूच. विमानतळावर पोचलो तेव्हा ती या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत होती आणि रांगेतली माणसं आमच्याकडे खाऊ का गिळू अशी बघत होती.

विमान रात्रीचं होतं. उडालं आणि थोड्या वेळात फिजा झोपली. मी मधली वाट सोडून पलीकडे बसलो होतो. मला इतकं हायसं वाटलं की मी सिस्टरांना म्हणालो, "तुम्ही जादू केलीत!"

"जादू कसली? रबिया पासपोर्ट घेऊन गेली होती ना, तेव्हा एक चमचा दिला मी."

रबियाने मान वर केली. "तुम्ही दिलात? मी पन दिला ना, इमान उडताना. काय झाला?"

सिस्टरांनी हळूच मागच्या रांगेकडे वळून पाहिलं. स्वप्ना तोंडावर हात धरून बसली होती.

"मीही दिला, बसमधून विमानाकडे येताना," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर होती ती. ताई, मला काय माहीत!"

ज्या बाईने वॉर्डात सगळ्यांचे कान किटवले होते, ती स्वतः रांगेच्या गडबडीत सांगायचं विसरली होती. बाकीच्या दोघींनी तर घरच्या सवयीने केलं. पोर हातात आली, तिचं केलं.

प्रभा सिस्टरांनी फिजाला हलवलं. हाक मारली. तळपायावर टिचक्या मारल्या. पोरीने पाय जरासा ओढला आणि पुन्हा सैल सोडला. मान एकीकडे कलंडली.

"दिवे लावायला सांग, संग्राम," त्या मला म्हणाल्या. "मला तिचे ओठ दिसत नाहीयेत."

हवाईसुंदरीने दिवे लावले, छोटं ऑक्सिजनचं नळकांडं आणलं. डॉक्टर कोणी आहे का म्हणून विचारलं, कोणी उठलं नाही. मागून एक गृहस्थ मात्र ओरडले, "दिवे बंद करा हो! कधी नाही ती पाठ टेकलीय."

"मग टेका की पाठ! दिवा तुमच्या पापण्यांवर नाही बसलेला," मी म्हणालो. एरवी मी इतका उद्धट नाही, म्हणजे थोडा आहे. पण त्या क्षणी त्या माणसाला मी खिडकीतून बाहेर टाकलं असतं.

सिस्टरांनी फिजाला कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली आणि नळकांड्याचा मास्क नाकापाशी लावला. रबिया ओल्या रुमालाने तिचं कपाळ पुसत होती, तोंडाने दुवा चालू होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला तर सिस्टरांनी तो बाजूला सारला. "पाणी नको, ठसका लागेल. तू हाका मार. थांबू नकोस." स्वप्ना तळपाय चोळत होती. श्वास मोजताना सिस्टरांचे ओठ हलायचे. मध्येच ते हलायचे थांबले की आम्हा तिघांचाही श्वास अडकायचा.

कॅप्टनने निरोप पाठवला: वाटेत उतरवायचं का?

"ओठ निळे पडले किंवा हाकेला हललीच नाही, तर लगेच," सिस्टर म्हणाल्या. "तोवर चला. मी नजर काढत नाही."

रबियाने विचारलं, "वाचंल ना?" सिस्टर कधी खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "माहीत नाही गं. हाक मार."

आजवर त्या पोरीने झोपावं म्हणून सगळी बिल्डिंग अंगाई म्हणायची. त्या रात्री आम्ही चौघं तिला झोपू द्यायचं नाही म्हणून झटत होतो. ओरडून रबियाचा आवाज गेला, मग मी हाका मारल्या. माझा गेल्यावर मागचे तेच गृहस्थ उठून आले. ते "ए बाळा, ए फिजा" म्हणून पुकारू लागले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

विमान खाली उतरू लागलं. माझ्या कानांना दडे बसले. फिजाचं नाक आक्रसलं. भुवई हलली. मग तिने दोन्ही हात कानांवर नेले आणि असं काही भोकाड पसरलं की पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. कोणी चिडलं नाही. स्वप्ना हसत होती आणि रडत होती. रबियाने पोरीला छातीशी धरलं. प्रभा सिस्टर मात्र तशाच बसल्या, तिचा श्वास मोजत, विमानाची चाकं जमिनीला टेकेपर्यंत.

मुंबईत पोरीला डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले. रबिया तिला घेऊन गावी गेली. झालेलं मुस्तफाभाईंना सांगू नका, असं तिने हात जोडून विनवलं होतं. मलाही तेच पटलं. बिचारा माणूस तिकडे एकटा, इकडे सगळं नीट पार पडलेलं, कशाला उगाच?

मुस्तफाभाई पुढच्या वर्षी गावी परत आले. दुकान लुटलं गेलं होतं. ते आल्याचं कळताच प्रभा सिस्टर मिरजेहून एसटीने निघाल्या. मला म्हणाल्या, "तूही चल. पण बोलायचं मी." ओटीवर बसल्या बसल्या, चहासुद्धा न घेता, त्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या कोणी वाटल्या, कोण सांगायचं विसरलं, सगळं. स्वप्नाचं आणि रबियाचं नाव त्यांनी घेतलंच नाही.

मुस्तफाभाईंनी अंगणात खेळणाऱ्या फिजाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मग ताई, शेवटी रडली का ती?"

"रडली," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला दिलेला शब्द मोडला मी, भाई. खूप रडली."