धामणीच्या धनुष्यावरचा लाल पट्टा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला माझे सगळे मूर्खपणे माहीत होते — एका दुकानाच्या पाटीवर मालकाचंच आडनाव चुकवलं होतं, तेसुद्धा. ती पोट धरून हसायची. पण हे तिलाही नाही सांगितलं. आता ती नाही, आणि घरात ऐकणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून तुम्ही. बसा जरा.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लग्न व्हायचं होतं, कोल्हापुरात एका गाळ्यात मी पाट्या रंगवायचो. शेजारच्या गाळ्यात गुंडूअण्णा — सुतार, कागलच्या पलीकडच्या गावचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, विधुर. दुपारी दोघांच्या भाकऱ्या एकाच फळीवर सोडायच्या. एवढंच आमचं घरदार.

त्या वर्षी आमच्या पेठेतल्या तालमीनं ठरवलं की दसऱ्याला मैदानात तालमीच्या वस्तादांनी केळीच्या खुंटावर बाण मारायचा. धनुष्य करायला सांगितलं अण्णांना. परगावच्या माणसाला हा मान! अण्णा चार दिवस टोपी सरळ करत फिरत होते.

आराखडा मी काढला — अर्थात! आखूड धनुष्य, टोकं बाहेर वळलेली. कागदावर फार देखणं. अण्णांनी बघितलं. "पेंटर, ह्ये कागदावरच बरं हाय. आखूड धनुष्य लई वाकतं, लाकडाला सोसत न्हाय." तरी माझ्या हट्टापायी त्यांनी आखूडच ठेवलं, वळणं तेवढी खोडली. मलकापूरकडनं धामणीचं लाकूड आणलं, तासलं. मग खरं काम सुरू झालं. धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर मुठीपाशी टेकवायचं, दोरी बोटभर खाली ओढायची, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून बघायचं. जी ताठ राहील ती आतल्या अंगानं काचेच्या तुकड्यानं खरवडायची. बाहेरच्या अंगाला हात लावायचा नाही — सगळा ताण तिथं. दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर. "त्येला जेवढं शिकवलंय तेवढंच मागायचं," अण्णा म्हणायचे. पंधरा दिवस हेच. मला वाटायचं, लाकूड आहे की बालवाडी?

खंडेनवमीला दोन बोटं ओढ शिकवायची राहिली होती. पण त्या दिवशी हत्यारं पूजेला. रंधा, करवत, तो काचेचा तुकडासुद्धा — धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळेखाली. धनुष्यही त्यातच. दिवसभर कोणी शिवायचं नाही. अण्णा अंबाबाईच्या दर्शनाला गेले, आणि गाळा राखायला मी.

मी — बत्तीस इंची छातीचा वीर — धनुष्य उचललं. विक्रीला ठेवलेल्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. आणि दोरी थेट कानापर्यंत ओढली.

टिक्.

एवढाच आवाज. बाहेरच्या अंगाला, मुठीच्या वर, नखाएवढी चीर. मग मी काय केलं असेल? मला जे येतं तेच. डबा उघडला, चिरेवर लाल पट्टा ओढला, खालच्या बाजूला त्याचा जोडीदार, आणि दोन्हींवर पिवळी वेल. ब्रशही त्या दिवशी पूजेतच होते. तेही उचलले.

अण्णा परतले. "आज बुरूश उचललास व्हय रं? दम निघत न्हवता?" मग धनुष्य उजेडात धरलं. "पर झकास केलंस की."

दसऱ्याच्या सकाळी राहिलेली दोन बोटं त्यांनी ओढून घेतली. धनुष्य टिकलं. मला वाटलं — सुटलो. दुपारी मैदानात कर्ण्यावरून अण्णांचं नाव पुकारलं, वस्तादांनी दोरी ओढली, आणि धनुष्य लाल पट्ट्यात मोडलं. एक तुकडा वस्तादांच्या कपाळावर. रक्त थोडं आलं, हसू फार. "अवो अण्णा, धनुष्य केलंसा का बाजल्याचा पाय?" कोणीतरी ओरडलं. मीही हसलो. हो, हसलो — गर्दीत न हसणारा उठून दिसतो.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही. एवढंच असतं तर मी ते तिखटमीठ लावून बायकोला सांगितलंही असतं.

संध्याकाळी अण्णा दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "पेंटर, तुझी नजर ताजी हाय. माझं कुठं चुकलं, सांग." रागानं नाही — शिकाऊ पोरानं विचारावं तसं. खरं सांगायला किती शब्द लागले असते? चार? पाच? मी वाकलो. वरच्या तुकड्याच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं — ते लाकूड एकसारखं गुळगुळीत होतं, कुठं काही कमी नाही, जास्त नाही — आणि म्हणालो, "हितं जरा जास्त खरवडलं गेलंय, अण्णा."

त्यांनी तिथं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "व्हय," म्हणाले. "मला दिसलं न्हाय बघ."

दिसलं नाही! ज्या माणसाला रस्त्यावरून जाताजाता दुसऱ्याच्या दाराचा सूतभर तिरकेपणा टोचायचा, त्याला!

पुढं सात-आठ वर्षं ते शेजारीच होते. चौकट जोडायच्या आधी हाक यायची, "पेंटर, जरा बघ की." मी हात पुसून जायचो, एक डोळा मिटायचो — लाकडातलं मला काही कळत नव्हतं, अजून कळत नाही — आणि म्हणायचो, "बरोबर हाय." तेव्हा कुठं ते हातोडी उचलायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, पेंटरची नजर लई बारीक. दुपारची भाकरी मी हळूहळू माझ्या गाळ्यात खायला लागलो. काम फार आहे म्हणायचो. त्यांनी कधी कारण विचारलं नाही.

गाळा सोडून गावी निघाले त्या दिवशी म्हणाले, "तिकडं कोण बघणार रं माझं काम?"

"असंल की कोणतरी," मी म्हणालो.

गावात त्यांनी पुन्हा हत्यार हातात धरलं नाही, हे मला त्यांच्या भाच्याकडून कळलं. त्यानंतर ते चार वर्षं होते. गाव एसटीनं तासाभराचं. मी गेलो नाही.